घरची प्रत

बारा इंग्रजी शब्द मी पाठ केले होते. त्यांचा एकमेकांशी काडीचाही संबंध नव्हता. एका भाजीचं नाव, मग एक पक्षी, मग 'ढकलणे', मग एकदम 'छत्री'. पासवर्ड विसरलात तर हे बारा शब्द याच क्रमानं लिहा, नाहीतर तुमच्या फाईली आम्हालासुद्धा उघडता येणार नाहीत, असं त्या परदेशी कंपनीनं बजावलं होतं. कागदावर उतरवून ठेवावेत की नाही यावर मी दोन दिवस घालवले आणि शेवटी पाठच करून टाकले. गावाहून पाथरीला मोटारसायकलवर येताना हेल्मेटच्या आत पुटपुटत यायचो. बायकोला ते सांगितले नाहीत, दादांना सांगितले नाहीत. मला त्या बारा शब्दांचा फार अभिमान होता.

आणि त्याच काळात माझ्या घरातला कॉम्प्युटर नुसतं बटण दाबलं की उघडत होता. पासवर्ड नाही, काही नाही. ही दोन्ही कामं माझ्याच हातची. माझा राग दादांवर आहे, तो मी लपवणार नाही, पण हे आधी सांगून टाकलेलं बरं.

मी अर्जनवीस आहे. तहसील कचेरीसमोर पत्र्याची शेड आहे, तिथं माझं टेबल, एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि गिऱ्हाइकाला बसायला बाक. लोक येतात, आपलं दुखणं सांगतात, मी ते कचेरीच्या भाषेत बसवून देतो. अर्ज, प्रतिज्ञापत्र, वाटणीपत्र, मृत्युपत्र. हेच काम माझ्या वडिलांनी, आबांनी, टाक-दौतीनं केलं. प्रत्येक कागदाची कच्ची प्रत ते ठेवून घेत. एकेका घराचं पुडकं सुतळीनं बांधलेलं आणि सगळी पुडकी टीनच्या पेटीत. पेटीची किल्ली त्यांच्या करदोड्याला. आईनं त्या पेटीत कधी डोकावलं नाही. ऐकलेलं कागदावर उतरवायचं आणि उठताना विसरून जायचं, असं ते म्हणत.

वडील गेले तेव्हा मी पाचवीत होतो. दादा माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे, नुकतेच शाळेवर मास्तर म्हणून लागलेले. तेरावं झाल्यावर दादांनी पेटी उघडली, पुडकी पोत्यात भरली आणि दारोदार जाऊन ज्याची त्याला देऊन टाकली. मी बरोबर होतो. एकाही पुडक्याची गाठ त्यांनी सोडली नाही. एका घरच्या माणसानं विचारलं, "मास्तर, वाचलं का?" तर दादा म्हणाले, "माझं न्हाई ते मी कशाला वाचू?" मला ते दार, तो माणूस, दादांचा तो आवाज, सगळं आठवतं. पुढं मला अर्ज लिहायलाही दादांनीच शिकवलं. विषय एका ओळीत, विनंती शेवटी, मधे रडगाणं नको. माझा बाप गेला असं मला फारसं कधी जाणवलं नाही, कारण दादा होते. म्हणून तर पुढं जे झालं ते पचत नाही.

आता कॉम्प्युटरचं. आमच्या शेडमधली सगळी यंत्रं आजारी. गावोगावचे पेन ड्राईव्ह एकमेकांना लागून रोगराई पसरवत असतात. माझं यंत्र एका वर्षात तीनदा झोपलं आणि तिसऱ्यांदा चार वर्षांचे मसुदे घेऊन झोपलं. तेव्हा नांदेडच्या कॉलेजात शिकवणाऱ्या एका वर्गमित्रानं मला लिनक्सवर आणलं. ही सिस्टिम कुणा एका मालकाची नाही, हजारो लोकांनी मिळून लिहिलेली आहे, कुणालाही आत उघडून बघता येते, हे ऐकूनच मी तिच्या प्रेमात पडलो. मराठी टायपिंग बसवायला आठवडा गेला, प्रिंटर ऐकायला तयार होईपर्यंत दुसरा. शेजारच्या टेबलावरचे टंकलेखक मला 'पेंग्विनवाले' म्हणायला लागले, कारण मी कॉम्प्युटरवर ते चित्र चिकटवलं होतं. ते स्वतः जुन्याच चोरीच्या विंडोजवर सुखी होते. त्यांच्या सगळ्या फाईली स्क्रीनवर पसरलेल्या, हरभरे वाळत घातल्यासारख्या.

मसुदे गेल्याचं दुःख मला विसरता येत नव्हतं. म्हणून मी जागा शोधायला लागलो, जिथं फाईली आपोआप जाऊन राहतील पण कुणाला वाचता येणार नाहीत. लोकांचे संसार आहेत हो त्या फाईलींत. अशा कंपन्या होत्या. फाईल तुमच्या यंत्रातून निघतानाच कुलूपबंद होते, किल्ली तुमच्याकडंच, कंपनीच्या गोदामात नुसती अगम्य अक्षरं. हे सगळं विंडोजवाल्यांना मिळे, फोनवाल्यांना मिळे, आणि आमच्या लिनक्सपुढं लिहिलेलं असे, 'लवकरच'. ते लवकरच दोन वर्षं चाललं. तोवर मी काळ्या पडद्यावर आज्ञा लिहून कसंबसं चालवलं. मग एक दिवस एका कंपनीचं आमच्यासाठीचं ॲप आलं. एक फोल्डर बनवायचं, त्यात टाकलेली फाईल आपसूक वर जाते, दुसऱ्या कॉम्प्युटरवर आपसूक उतरते, आणि शेजारी हिरवी खूण उमटते. पहिली हिरवी खूण उमटली तेव्हा मी अख्ख्या शेडला चहा पाजला. कशाबद्दल, ते कुणालाच कळलं नाही.

यंत्रांना नावं द्यावी लागतात. मी शेडमधल्याचं नाव ठेवलं 'दुकान' आणि घरातल्याचं 'घर'. कचेरीकडची लाईट दुपारी जाते, म्हणून बरंचसं काम मी सकाळी घरी करून येई. दुकानात टाइप केलेलं घरी हजर, घरी सुधारलेलं दुकानात हजर. मी खूष होतो.

घरच्या कॉम्प्युटरला मी सुरुवातीला पासवर्ड घातला होता. दादा तेव्हा निवृत्त झालेले. सकाळी त्यावर पेपर वाचायचे, शेतीचे व्हिडिओ बघायचे, गावच्या सप्ताहाची यादी करायचे. पासवर्डची चौकट बघून ते उठले आणि मला नाही, वहिनींना म्हणाले, "आता घरातबी चिठ्ठी पाठवून आत यायचं का?" दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. आमच्या घरात आतल्या दारांना कड्या आहेत, पण त्या कधी कुणी लावत नाही. लावली तर आतलं माणूस आजारी असेल असं समजून बाहेरचे घाबरतात. वहिनी म्हणाल्या, "भावजी, काढून टाका ना ते. त्यांना लय लागलंय." मी एका चौकटीतली खूण काढली आणि पासवर्ड गेला. पासवर्ड काढताना मला लाजच वाटली, की आपण दादांना कुलूप लावलं.

कंपनीच्या गोदामात माझे कागद कुणाला वाचता येत नव्हते. घरात उतरलेली प्रत मात्र साधी, उघडी. हे मला माहीत नव्हतं असं नाही. माहीत होतं. त्यात काही बिघडेल असं डोक्यात आलं नाही, एवढंच.

काकी आल्या त्या हिवाळ्याच्या तोंडाला. नात्यानं काकी नव्हेत, गावानं काकी. वय सत्तरीच्या पुढं. नवरा जाऊन जमाना झाला. एक लेक, नवऱ्यानं टाकलेली, ती वीस वर्षं आईजवळच राहते, ब्लाऊज शिवते, आईचं सगळं करते. नवऱ्यामागं घर आणि दोन एकर रान काकींच्या नावावर. ते रान दोन पुतणे कसतात आणि काकी डोळे मिटतील तेव्हा ते आपलंच होणार असं धरून चालतात. गावानंही तसंच धरलेलं. एसटीनं येऊन काकी माझ्या बाकावर बसल्या, पिशवीतून जुना दस्त काढला, आजूबाजूला बघितलं आणि आवाज खाली केला. मला पुढं वाकून कान द्यावा लागला.

"घर आन् दोन एकर, समदं लेकीला," त्या म्हणाल्या. "पुतण्यांला काई न्हाई. पर त्यांच्याबद्दल वाईट लिहू नको."

मी लिहून घेतलं. मग त्यांनी विचारलं, "लेकरा, ह्ये कुणाला कळणार तर न्हाई ना?"

हे मला विचारायचाच अवकाश होता. मी स्क्रीन त्यांच्याकडं वळवली आणि हिरवी खूण दाखवली. म्हटलं, "काकी, ही फाईल हितून निघतानाच कुलूप लावून निघती. ज्या कंपनीत जाऊन पडती, तिलाबी उघडता येत न्हाई."

"कोनती कंपनी?"

"परदेशातली हाय."

"परदेशातल्याला माझ्या दोन एकराचं काय करायचंय रे? मी गावाचं इचारायलेय."

मी हसलो. "गावात कुणाला कळतंय?"

"तुझ्या बापानं माझ्या सासऱ्याचा कागद केला व्हता," त्या म्हणाल्या. "मरेपर्यंत सबूद काढला न्हाई तोंडातून. म्हणून तुझ्याकडं आले."

ठरलं असं, की पुढच्या बाजाराच्या दिवशी त्या माहेरचे दोन साक्षीदार घेऊन येतील, गावातलं कुणी नको, आणि त्याच दिवशी कागद रजिस्ट्रीला जाईल. मी जुन्या दस्तावरून चतुःसीमा उतरवली, म्हणजे रानाच्या चारी अंगांना काय काय आहे ते. मसुदा वाचून दाखवला. लेकीचं नाव आलं तेव्हा काकींनी ते पुन्हा एकदा वाचायला लावलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी लाईट गेलेली, नेट नाही. मी बॅटरीवर बसून साक्षीदारांची नावं भरली. तिसऱ्या दिवशी नेट आलं तर फोल्डरमध्ये काकींच्या मृत्युपत्राच्या दोन फाईली. एक माझी. दुसरीच्या नावापुढं जोडलेलं, 'घर येथील प्रत'. हे ॲप तसं इमानी आहे. एकच फाईल दोन ठिकाणी बदलली गेली, तर ते स्वतःच्या मनानं एक पुसत नाही. दोन्ही ठेवतं आणि कोणती कुठली ते लिहून ठेवतं. पण मी तर घरी त्या फाईलीला हात लावला नव्हता.

मी ॲपला शिव्या घातल्या. मग वाटलं, लाईट गेल्यावर घरच्या यंत्राचं घड्याळ मागं पडत असेल. मग वाटलं, कंपनीच काहीतरी गडबड करत असेल. लिनक्सवाल्यांची एक चावडी आहे इंटरनेटवर, तिथं मी मोडक्या इंग्रजीत तक्रार टाकली. कुठल्या देशातला कोण जाणे, एकानं तासाभरात विचारलं: तो घरचा कॉम्प्युटर दुसरं कुणी वापरतं का? मी तापलो. लिहिलं, फक्त माझे मोठे भाऊ वापरतात, त्यांचा प्रश्नच येत नाही. ते वाक्य अजून तिथं आहे. कुणालाही वाचता येतं.

दुसरी फाईल उघडून बघण्याची बुद्धी मला झाली नाही. कामं होती. बाजूला सारली.

बाजाराचा दिवस आला. मी सकाळीच प्रिंट काढून ठेवली होती. बारा वाजले, दोन वाजले. काकी आल्या नाहीत, साक्षीदार आले नाहीत. थंडीचे दिवस, म्हातारं माणूस, दुखत असेल काही, असं म्हणत मी दिवस काढला. दुसऱ्या दिवशी शेजारचे टंकलेखक सुपारी कातरता कातरता म्हणाले, "तुमच्या गावची म्हातारी व्हती परवा रजिस्ट्रीला. दोघं पुतणे संगं. बक्षीसपत्र केलं की त्यांला. घर सोडून समदं रान."

मी म्हटलं, "कोण म्हातारी?"

त्यांनी वर्णन केलं. मला आत कुठंतरी कळलं होतं, तरी विचारलं.

मग मी ती दुसरी फाईल उघडली. दोन्ही प्रती शेजारी शेजारी लावल्या आणि ओळीवर बोट ठेवून वाचत गेलो. मी मागून भरलेली साक्षीदारांची नावं सोडली तर सगळं तेच. फरक एका ठिकाणी. माझ्या प्रतीत, जुन्या दस्तावरून, पूर्वेस दुसऱ्या एका शेतकऱ्याची जमीन होती. घरच्या प्रतीत पूर्वेस होतं, 'कालव्याची चारी'. बरोबर होतं ते. रानाला पाणी नेणारी ती चारी कित्येक वर्षांपूर्वी खोदली. जुन्या दस्तात ती असायचं कारण नव्हतं आणि माझ्या ध्यानात राहिली नव्हती. गावातल्या शंभर माणसांना ते माहीत असेल. पण चुकीचा कागद दिसला आणि हात शिवशिवला, असा माणूस आमच्या घरात एकच. तीस-बत्तीस वर्षं वह्या तपासलेला.

शेड अर्ध्यावर टाकून मी घरी आलो. दादा अंगणात खाटेवर बसून तुरीच्या शेंगा सोलत होते. मी गाडी बंदसुद्धा केली नाही.

"दादा, काकीचा कागद तुमी वाचला?"

"वाचला," ते म्हणाले. हात चालूच.

ते खोटं बोलले असते तर मला बरं वाटलं असतं. निदान त्यांना वाईट वाटतंय एवढं तरी कळलं असतं.

"कामून?"

"पेपर वाचायला बसलो व्हतो. समोर दिसला. आपल्या गावाचं नाव व्हतं, उघडला."

"आन् पुतण्यांला सांगितलं."

"सांगितलं न्हाई. म्हणलं, चुलतीकडं ध्यान द्या, न्हाईतर रान हातचं जाईल. एवढंच."

"एवढंच?"

"मी वाईट केलं का?" आता त्यांनी माझ्याकडं बघितलं. "चार पिढ्याचं रान हाय त्यांचं. उद्या ती पोरगी कुणालाबी इकून मोकळी व्हईल. घर तर ठिवलंय ना तिला? मला काय त्यातलं एक ढेकूळ मिळालंय का?"

मिळालं नव्हतं, हे खरं. दादांनी आयुष्यात कुणाचं फुकट घेतलं नाही. गावाचं भलं केलं असं त्यांना मनापासून वाटत होतं आणि मला त्याचाच जास्त संताप आला. मी ओरडलो. दादांवर मी त्याआधी कधी ओरडलो नव्हतो. वहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या.

"मग पूर्वेची चारी कामून घातली? कागद मोडायचाच व्हता, तर दुरुस्त कामून केला?"

तेव्हा कुठं त्यांचे हात थांबले. "चुकली व्हती ना," ते म्हणाले. "तुझ्या हातून चुकीचा कागद जाऊ ने, असं वाटलं."

तो माणूस मला सांभाळत होता आणि त्याच बैठकीत मला बुडवत होता, आणि त्याला त्यात विसंगती दिसत नव्हती. मी म्हणालो, "आबाच्या पेटीतले कागद तुमी दारोदार वाटले. एकबी वाचला नव्हता."

"त्या पुडक्यांला गाठी व्हत्या," दादा म्हणाले आणि पुढची शेंग उचलली.

संध्याकाळी मी काकींच्या घरी गेलो. लेक दारात आली, आत या म्हणाली नाही. तिनंच सांगितलं. दोघं पुतणे तीन दिवस ओट्यावर येऊन बसले होते. दिलेला चहा घेत नव्हते, पाणी घेत नव्हते. म्हणत होते, काकी, तू मेल्यावर तुला खांदा कोण देणार, ही पोरगी? आमी न्हाई येणार. गावातलं कुणी येणार न्हाई. तिसऱ्या दिवशी आई म्हणाली, चला, कुठं अंगठा करायचा तिथं करते.

"आई भेली," लेक म्हणाली. "मला म्हणली, मढं कुजत पडायचं का माझं?"

आत अंधारात काकी बसलेल्या दिसत होत्या. उठल्या नाहीत.

"आई म्हणती, कागद फकस्त तुमच्याजवळ व्हता," लेक म्हणाली.

मला त्या दारात उभं राहून सांगता आलं असतं. दादांनी वाचला, दादांनी सांगितलं. चार शब्द होते. ते माझ्या तोंडातून निघाले नाहीत. मोठ्या भावाचं नाव परक्याच्या दारात कसं घ्यायचं, आयुष्यभर ज्यानं घास भरवला त्याचं? मी म्हणालो, "कॉम्प्युटरमधून गेलं कसंतरी. माझ्याकडून न्हाई गेलं."

"तुमीच म्हणले व्हते ना आईला," ती म्हणाली, "कंपनीलाबी दिसत न्हाई म्हणून?"

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. तिला खरंच कळत नव्हतं. मी तिथून निघालो.

दुसऱ्या दिवशी घरच्या कॉम्प्युटरला पासवर्ड घातला. मग तेवढ्यानं भागेना म्हणून कामाचं फोल्डर घरच्या यंत्रावरून काढूनच टाकलं, आणि डिस्कलाही कुलूप घातलं. लिनक्समध्ये हे सगळं करता येतं. पहिल्या दिवसापासून येत होतं. बारा शब्दही बदलून घेतले, त्यांचा कुणी गुन्हा केला नव्हता तरी. नवे बारा आले. मला ते अजून नीट पाठ झालेले नाहीत.

दादा त्या खोलीत आता जात नाहीत. पेपर विकत आणतात. माझ्याशी बोलतात, पाणी आलं का, बैल डॉक्टरला दाखवला का, एवढं. माफी त्यांनी मागितली नाही आणि मागतील असं मला वाटत नाही. वहिनी दोघांना वेगवेगळं वाढतात. जेवताना मला कधी कधी पाचवीतला मी आठवतो, पोतं धरून त्यांच्यामागं चाललेला, आणि असा राग येतो की अर्ध्या ताटावरून उठतो. त्या वेळी ते खरंच तसे होते, की गाठ सोडायचा कंटाळा होता? हा विचार मनात आला याचंही मला वाईट वाटतं. त्यांनी माझं मागचंही नेलं, नुसतं पुढचं नाही.

महिन्याभरानं काकी शेडमध्ये आल्या. लेक बरोबर होती, हाताला धरून. त्या माझ्या बाकासमोरून गेल्या. मी अर्धा उठलो, "काकी," म्हणालो. त्या थांबल्या नाहीत. शेजारच्या टेबलापाशी जाऊन बसल्या, माझ्याकडं पाठ करून.

पत्र्याची शेड, दोन टेबलांत हातभर अंतर. जे काय ते ऐकू येतंच. बक्षीसपत्रावरून पुतण्यांची नावं सातबाऱ्याला लागणार होती, त्या नोंदीला हरकत घ्यायला त्या आल्या होत्या. अंगठा भीतीनं केला, असं लिहा म्हणत होत्या. मला आनंद झाला. खरंच झाला. हा अर्ज कसा बांधायचा हे मला माहीत होतं. विषय एका ओळीत, तीन दिवसांच्या बैठकीचा मुद्दा आधी, वयाचा नंतर. शेजारचे टंकलेखक तो उलटा बांधत होते. त्यांच्या स्क्रीनवर साऱ्या तालुक्याच्या फाईली उघड्या पडलेल्या, पासवर्ड नाही, कुलूप नाही, कालचाच कुणाचा तरी पेन ड्राईव्ह खोचलेला. काकींनी त्यांना काही विचारलं नाही. हे कुणाला कळणार का, असं एकदाही नाही.

चतुःसीमा आली तशी शेजाऱ्यांची बोटं थांबली. दस्त जुना होता. त्यांनी मान वळवून मला हाक मारली, "अहो पेंग्विनवाले, तुमच्याच गावचं रान हाय. पूर्वेला काय येतं हो?"

मी तोंड उघडलं होतं. काकींनी शेजाऱ्यांच्या टेबलावर हात ठेवला.

"त्यांला नगा इचारू," त्या म्हणाल्या.

मग त्या पुढं वाकल्या, शेजाऱ्यांच्या कानाशी तोंड नेलं आणि आवाज खाली केला. शेजाऱ्यांनी मान हलवली आणि टाइप केलं. काय सांगितलं ते मला ऐकू आलं नाही.